पंगतीतलं शेवटचं पान

(सावंगी (मेघे) येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सावंगीत गणितावर बोलायला उभं राहताना मला घरच्यासारखं वाटतं, आणि त्याचं कारण इथल्या रुग्णालयाच्या पाटीवर आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या नावाखालून माणसं रोज आत जातात. विनोबा म्हटलं की भूदान आठवतं, गीताई आठवते, पवनार आणि धाम नदी आठवते. पण परमेश्वराच्या खालोखाल आपलं प्रेम गणितावर आहे, असं ते सांगत, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते आमचे सरही गणितच शिकवत. कुणी उत्तराच्या जागी आडवा आठ काढून ‘अनंत’ म्हणून मोकळा झाला, की सर त्याच्या बाकाशी येऊन उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, ‘कसं मोजलंस?’

आज मला देवादिकांच्या चमत्कारांना हाच प्रश्न विचारायचा आहे. टिंगल करायला नाही. मी या गोष्टींवर वाढलो आहे आणि त्या मला प्रिय आहेत.

आमच्या गावात हनुमान जयंतीला भंडारा असायचा. रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि भात. देवळामागे तट्ट्या अंथरून त्यावर भाताचा ढीग घालत आणि वरून ओलं धोतर झाकत. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी मला पहिल्यांदा वाढप्यांत घेतलं होतं. म्हातारे आचारी ढिगाशी पाटावर बसले होते. धोतराचा एक कोपरा उचलायचा, परात आत सरकवायची, भरून बाहेर काढायची, कोपरा परत खाली. आत पाहायचं नाही. मी पाहिलं. हातावर चापट बसली. ‘पाहू नको रे बापू, वाढत राय. पाह्यलं का सरते.’ उन्हं कलेपर्यंत पंगती उठल्या, बसल्या, परत उठल्या, आणि भात काही संपला नाही.

खळ्यावरही हीच रीत होती. ज्वारीची रास मोजताना वडील पहिली पायली ओतत तेव्हा ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की दोनाचं भय सुरू होतं; जे मोजता येतं ते संपतं. गणिताशी माझी ओळख झाली ती या ‘लाभ’पासून, पाढ्यांच्या आधी.

न संपणाऱ्या वस्तूची गोष्ट सांगायची आपली परंपरा जुनी आहे. वनवासात सूर्यानं दिलेली थाळी द्रौपदी जेवेपर्यंत रिकामी होत नसे. ती जेवून बसली आणि दुर्वास दहा हजार शिष्यांसह दारात आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे: थाळीच्या काठाला चिकटलेलं भाजीचं पान कृष्णानं तोंडात टाकलं आणि नदीवर आंघोळ करणाऱ्या मंडळींना ढेकर आली. यातली एक बारीक गोष्ट मला गणिती म्हणून थांबवते. कृष्णानं त्या पानाचे दहा हजार तुकडे केले नाहीत. भागाकार केलाच नाही. जो पूर्ण आहे तो जेवला, म्हणून सगळे जेवले.

ईशावास्याच्या आधी जो शांतिमंत्र म्हणतात, आणि जो मुळात बृहदारण्यकातला आहे, त्याचा आशय असाच आहे: पूर्णातून पूर्ण काढून घेतलं तरी उरतं ते पूर्णच. विनोबांनी ईशावास्यावर वृत्ती लिहिली, त्यांच्या प्रार्थनेत हे उपनिषद होतं. गणितावर जीव असलेल्या माणसाला या वजाबाकीनं किती आनंद दिला असेल, याचा विचार मी पवनारच्या घाटावर बसून अनेकदा केला आहे.

इथे उपनिषद देवाबद्दल बोलायला गणिताची भाषा घेतं. याच्या बरोबर उलटा प्रवास एका मराठी मुलखातल्या गणितीनं केला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलविड हे आपलं गाव, असं ते स्वतः सांगतात. चाळीसगावाजवळच्या पाटणे इथल्या देवळात त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून तो मठ स्थापला होता. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी पुरा केला. त्यातल्या बीजगणितात ते तीनाला शून्यानं भागतात आणि जी राशी येते तिला ‘खहर’ म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणजे शून्य. ते ज्याच्या छेदस्थानी बसलं ती खहर. या राशीत काही मिळवा, काही वजा करा, तिच्यात विकार होत नाही. आणि हे पटवायला ते दाखला देतात अच्युताचा: प्रलयात सगळी भूतं त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, त्या अनंताला त्याचा काही फरक पडत नाही.

आजचा गणिताचा शिक्षक इथे लाल रेघ मारेल, आणि ती बरोबर असेल. तीन भागिले शून्य आणि चार भागिले शून्य दोन्ही एकच राशी मानली, तर तीन बरोबर चार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून शून्यानं भागायला आपण बंदी घातली. पण भास्कराचार्यांना जे दिसलं होतं ते खरं होतं: मिळवलं तरी न वाढणारं आणि काढलं तरी न घटणारं असं काही गणितात आहे. त्याला नीट शब्द मिळायला आणखी सातशे वर्षं लागली.

ते शब्द सापडले कसे, हे पंढरपुरात नेऊन सांगतो. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितीनं १९२४-२५ च्या हिवाळ्यात गॉटिंगेनला व्याख्यानं देताना अनंत खोल्यांच्या एका हॉटेलाचं उदाहरण दिलं. पुढे जॉर्ज गॅमो यांच्या १९४७ च्या पुस्तकानं ते जगभर नेलं. आपण हॉटेलाऐवजी धर्मशाळा घेऊ. आषाढी एकादशी, अनंत खोल्या, प्रत्येक खोलीत एक वारकरी, सगळ्या भरलेल्या. रात्री उशिरा आणखी एक जण येतो. व्यवस्थापक सगळ्यांना एकेक खोली पुढे सरकायला सांगतात. पहिली रिकामी होते. मग अनंत माणसांची आख्खी दिंडी येते. हरकत नाही: प्रत्येकानं आपल्या खोलीच्या आकड्याच्या दुप्पट आकड्याच्या खोलीत जावं. एकमधला दोनमध्ये, दोनमधला चारमध्ये, तीनमधला सहामध्ये. सगळ्या विषम खोल्या मोकळ्या झाल्या, आणि दिंडी सुखानं झोपली.

भरलेल्या जागेत सगळे मावतात, ही थेट आपल्या चमत्कारांची जात झाली. फरक इतकाच की इथे पडदा नाही. धोतर बाजूला करून पाहता येतं, कोण कुठून उठला आणि कुठे गेला ते खोलीच्या आकड्यासकट. मला गणिताचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच जागी. आपलं भांडवल लपवून ठेवायची त्याला गरज पडत नाही.

पण याच धर्मशाळेत एक रात्र अशी येते की व्यवस्थापकांना हात जोडावे लागतात. समजा, प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यात न संपणारी माळ आहे आणि मणी दोन रंगांचे, काळे किंवा तांबडे. जितक्या तऱ्हेच्या माळा होऊ शकतात तितके वारकरी आले, प्रत्येक तऱ्हेचा एक. व्यवस्थापक म्हणतात, सगळ्यांची सोय झाली. आपण वही घेऊन निघायचं. पहिल्या खोलीतल्या वारकऱ्याच्या माळेचा पहिला मणी पाहायचा. काळा असेल तर वहीत तांबडा लिहायचा, तांबडा असेल तर काळा. दुसऱ्या खोलीतल्याचा दुसरा मणी पाहून त्याचा उलटा. तिसऱ्याचा तिसरा. असं करत वहीत एक माळ तयार होते. या माळेचा वारकरी कोणत्या खोलीत आहे? पहिल्या खोलीत नाही, कारण पहिला मणी जुळत नाही. दुसऱ्या खोलीत नाही, दुसरा जुळत नाही. शंभराव्यात नाही, लाखाव्यात नाही. तो बाहेर पायरीवर उभा आहे, आणि खोल्यांची कितीही उलथापालथ केली तरी कुणी ना कुणी असा पायरीवर राहतोच.

हा युक्तिवाद गेओर्ग कँटर यांनी १८९१ मध्ये मांडला. एका अनंतापेक्षा दुसरं अनंत मोठं असतं, हे माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा सिद्ध केलं ते त्यांनीच. १८७७ मध्ये रेघेवर जितके बिंदू तितकेच चौरसात असतात हे त्यांना सापडलं, तेव्हा मित्र डेडेकिंड यांना त्यांनी कळवलं की मला हे दिसतं आहे, पण विश्वास बसत नाही. भक्ताला न पाहता मानायला सांगतात. कँटरना डोळ्यांनी पाहून मानवत नव्हतं. ते स्वतः श्रद्धाळू होते. आपल्या अनंतांमुळे देवाच्या अनंतत्वाला बाधा येते का, यावर त्यांनी कार्डिनल फ्रान्त्सेलिन यांच्यासारख्या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाशी पत्रव्यवहार केला, आणि सगळ्या अनंतांच्या पलीकडचं परम अनंत देवाकडे ठेवलं.

प्रसादाच्या लाडवाचीही एक गोष्ट आहे, ती लहान मुलांना सांगावी इतकी गोड आहे. १९२४ मध्ये स्टेफान बानाख आणि आल्फ्रेड टार्स्की या पोलिश गणितींनी सिद्ध केलं की भरीव गोळ्याचे मोजके तुकडे करून, न ताणता, न फुगवता, नुसते फिरवून जोडले, तर मूळ गोळ्याएवढेच दोन गोळे होतात. पाच तुकडे पुरतात. पण हे तुकडे सुरीनं पडणारे नव्हेत. ते इतके विखुरलेले असतात की त्यांना घनफळ नावाची गोष्टच उरत नाही. शिवाय ते पाडायला एक गृहीतक मान्य करावं लागतं: अनंत ढिगांतून प्रत्येकी एक वस्तू, निवडीचा कोणताही नियम न सांगता, उचलता येते. बर्ट्रांड रसेल यांनी हे बूट आणि मोज्यांवरून समजावलं होतं. देवळाबाहेर चपलांचे अनंत जोड असतील तर ‘प्रत्येक जोडातली डावी’ असा नियम सांगता येतो. पणत्यांचे अनंत जोड असतील, तर डावी कोणती? बुंदीच्या खऱ्या लाडवात मोजता येण्याजोगे अणू असतात, म्हणून तो एकाचे दोन होत नाही. दत्तजयंतीला लाडू कमी पडले तर आणखी वळावेच लागतात.

आता मी ज्यासाठी आलो त्या गोष्टीकडे येतो.

जॉन लिटलवुड हे केंब्रिजचे गणिती. रामानुजन यांचं पत्र १९१३ मध्ये केंब्रिजमधलेच गणिती हार्डी यांच्या हाती पडलं तेव्हा त्यांच्यासोबत बसून ते वाचणारे हेच. १९५३ च्या आपल्या एका पुस्तकात त्यांनी एक कोडं दिलं. ते चेंडूंचं होतं. मी पंगतीचं करून सांगतो. बारा वाजायला एक मिनिट असताना देवळात दहा माणसं येतात आणि एकच पान वाढून होतं. अर्धं मिनिट उरलं असताना आणखी दहा येतात, आणखी एक पान. पाव मिनिट, आणखी दहा, आणखी एक. वेळ अर्धा अर्धा होत जातो, म्हणून बाराच्या आत अनंत वेळा दहा दहा माणसं येऊन गेलेली असतात. बाराचा टोल पडला. उपाशी किती?

घाईनं कुणीही म्हणेल, दर खेपेला नऊ उरले, तेव्हा अनंत उपाशी. पण कुणाला वाढलं ते सांगा. आल्या क्रमानं वाढलं असेल, पहिल्या खेपेला पहिल्याला, दुसऱ्या खेपेला दुसऱ्याला, तर बाराला एकही माणूस उपाशी नाही. कोणताही माणूस घ्या, समजा पाच हजारावा. त्याला पाच हजाराव्या खेपेला पान मिळालं. आता दुसरी तऱ्हा. दर खेपेला नव्या दहांतल्या शेवटच्याला वाढलं: दहावा, विसावा, तिसावा. पानं तितकीच वाढली, माणसं तितकीच आली. पण पहिला माणूस बारालाही उपाशी आहे. दुसरा उपाशी आहे. नऊपर्यंतचे सगळे, मग अकरा ते एकोणीस, असे अनंत लोक हात जोडून बसले आहेत.

मी हे कोडं पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोपलो नाही. पूर्णातून पूर्ण काढलं तर काय उरतं? आजचं गणित म्हणतं, काय काढलं त्यावर आहे. नैसर्गिक संख्यांतून सम संख्या काढा, अनंत उरतात. तीनच्या पुढच्या सगळ्या काढा, तीन उरतात. सगळ्याच काढा, शून्य. अनंताच्या घरीसुद्धा नुसतं ‘भरपूर आहे’ म्हणून भागत नाही. कुणाची पाळी आली, हे विचारावं लागतं. इथे समोर जे वैद्यकीचे विद्यार्थी बसले आहेत, ते उद्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात टोकनाच्या रांगेसमोर बसतील. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि बारा वाजण्याआधी कुठेही घड्याळ थांबवून पाहा. शंभर खेपा झाल्या: हजार आले, शंभर जेवले, नऊशे उपाशी. क्रम कोणताही लावा, नऊशेच. चमत्कार घडतो तो टोकाला, अनंत खेपा पुऱ्या झाल्यावर. आपण सगळे जगतो ते शंभराव्या खेपेत. तिथे रांगेचा क्रम न्यायाचा असावा हे खरंच, पण भूक भागवायला दर खेपेला आणखी नऊ पानंच लागतात.

हिल्बर्टच्या धर्मशाळेत सगळे मावतात त्याचं कारण एकच: तिथे शेवटची खोली नाही. प्रत्येकानं पुढे सरकायचं आणि सरकायला जागा नाही असा कुणीच नाही. आपल्या धर्मशाळांना शेवटची खोली असते. सगळ्यांना पुढे सरका म्हटलं की शेवटच्या खोलीतला माणूस रस्त्यावर येतो. आणि याच वर्धा जिल्ह्यात एक सबंध विचार त्या शेवटच्या माणसावर उभा राहिला. गांधीजींनी रस्किनचं पुस्तक १९०४ मध्ये आगगाडीत वाचलं, ज्याच्या नावातच शेवटचा माणूस आहे. १९०८ मध्ये त्याचा सारांश गुजरातीत करताना त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिलं. आणि १९३६ मध्ये ते इथून जवळच्या सेगावात राहायला आले. सेगावची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, घोटाळा व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. हा टपालाचा गोंधळ मला फार आवडतो. शेगावची कथाही सुरू होते ती १८७८ च्या माघात रस्त्यावर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणाऱ्या एका माणसापासून. दोन्ही गावांचं लक्ष पंगतीच्या टोकाकडेच होतं.

विनोबांनी गणित केलं ते याच शेवटच्या माणसासाठी. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. लोकांनी याला चमत्कार म्हटलं. विनोबा त्या रात्री हिशेबाला बसले. देशात लागवडीखालची जमीन ३० कोटी एकर धरली, तर भूमिहीनांना सहावा हिस्सा म्हणजे ५ कोटी एकर हवी. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, एवढंच ते दारोदार सांगत राहिले, जवळजवळ तेरा वर्षं, पायी. मिळाली ती चाळीस लाख एकरांहून थोडी अधिक. त्यातली बरीच वाटली गेली नाही, काही नापीक निघाली. ५ कोटींशी ताडून पाहिलं तर मन खट्टू होतं. पण त्यांनी अनंताच्या भरवशावर एकही एकर मोजायचा सोडला नाही, आणि गणिताचा शिक्षक म्हणून मी त्यांच्यापुढे वाकतो ते यासाठी.

चमत्काराच्या मराठी गोष्टींत मला सगळ्यात जवळची आहे दामाजीपंतांची. महिपतींनी १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ती आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजींनी बेदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार रयतेला मोकळं केलं. विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन दरबारात रक्कम भरली आणि पावती घेतली. ही गोष्ट नीट ऐका. द्रौपदीच्या थाळीसारखं ते कोठार भरत राहिलं नाही. धान्य संपलं. शेवटच्या दाण्यापर्यंत वाटून संपलं, आणि देव आला तो नंतर, हिशेब चुकता करायला. ज्या लोकांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली त्यांनी दुष्काळ पाहिले होते. कोठार रिकामं होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी देवाकडे अक्षय कोठार मागितलं नाही. वाटणाऱ्याची मान वाचावी एवढं मागितलं.

आमच्या भंडाऱ्याचं राहिलं. सरांच्या वर्गात दोन वर्षं काढल्यावर, ‘कसं मोजलंस’ची सवय लागल्यावर, मी सुटीत आईला विचारलं की तो भात संपत कसा नव्हता. ती सूप घेऊन बसली होती. तिनं सांगितलं की आचारीबुवा ढिगाकडे कधी पाहतच नसत. पंगतीच्या पार टोकाला जे पान असे त्यावर त्यांची नजर. त्या पानाच्या मागे किती माणसं उभी आहेत, ते बोटांवर धरून देवळामागे दोन-तीन जणींना खूण करत. मग त्या निघायच्या, वस्तीतून, मळ्याकडच्या घरांतून, आणि प्रत्येक घरातून पायलीभर तांदूळ येई. मागच्या चुलीवर दुसरा गंज चढलेला असे. ओल्या धोतराची मागची बाजू उचलून त्यातला भात ढिगावर पडे. आम्ही पोरं पुढच्या बाजूला असायचो.

‘त्या बायांत तू होतीस?’ मी विचारलं.

ती म्हणाली, ‘तांदूळ मापायला मीच बसो.’ आणि हातातलं सूप खाली ठेवून तिनं हवेतच एक पायली ओतून दाखवली. ‘लाभ,’ ती म्हणाली, ‘दोन, तीन...’